दुप्पट खाऊन वजन घटलेले गोरिला आणि त्यांच्या पोटातले जिवाणू

अमेरिकेत ओहायो राज्यात क्लीव्हलँड मेट्रोपार्क्स नावाचं प्राणिसंग्रहालय आहे. तिथला ब्रुक्स हा गोरिला २००५ साली हृदय निकामी होऊन मेला. वय २१, म्हणजे नर गोरिलाचं ऐन उमेदीचं. तिथल्याच बेबॅक आणि मोकोलो या दोन नरांची तपासणी झाली, तर त्यांनाही हृदयविकार जडलेला. वजनही हाताबाहेर गेलेलं. मग तिथल्या संशोधक क्रिस्टन लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोघांची ‘मंकी बिस्किटं’ बंद करून टाकली. ही बिस्किटं म्हणजे धान्याचं पीठ, साखर, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं एकत्र करून भाजलेले कडक तुकडे. कित्येक प्राणिसंग्रहालयांत माकडांना आणि वानरांना वर्षानुवर्षं हेच मिळत आलं. त्यांच्या जागी आली रोज प्रत्येकी साडेचार किलोच्या आसपास पालेभाजी, रोमेन लेट्यूस, डँडेलायनची पानं, लसूणघास, फरसबी, थोडे जवस आणि चघळायला झाडाच्या फांद्या. माणसं घेतात त्याच मल्टिव्हिटॅमिनच्या तीन गोळ्या अर्ध्या केळ्यात दडवून द्यायच्या.

साधारण वर्षभरात दोघांचं वजन प्रत्येकी जवळजवळ तीस किलोंनी उतरलं. आणि खरी गंमत पुढेच आहे. नव्या आहारातून त्यांच्या पोटात जाणाऱ्या कॅलरी आधीच्या जवळजवळ दुप्पट होत्या.

‘कमी खा, बारीक व्हा’ एवढ्या एका वाक्यावर ज्यांचं दुकान चालतं, त्यांची इथे पंचाईत होते. दुप्पट खाऊन वजन घटतं कसं? याचं निम्मं उत्तर गोरिलाच्या दिवसात आहे आणि निम्मं त्याच्या मोठ्या आतड्यात.

दिवसाचं उत्तर सोपं आहे. जंगलातला गोरिला दिवसाचा निम्मा किंवा त्याहून अधिक वेळ खाण्यात घालवतो. फांदी ओढायची, साल सोलायची, आतला मऊ गर काढायचा, पानं ओरबाडायची, आणि हे सगळं चालत चालत, चढत उतरत. बिस्किटांची बादली मात्र थोडक्या वेळात फस्त होते. मग उरलेल्या दिवसाचं करायचं काय? पिंजऱ्यातल्या बऱ्याच गोरिलांना एक किळसवाणी सवय लागते. खाल्लेलं हातावर किंवा जमिनीवर उलटून काढायचं आणि पुन्हा खायचं. क्लीव्हलँडला बिस्किटं बंद झाली आणि ही सवयही गेली. खाण्यात जाणारा वेळ दुपटीच्या आसपास गेला.

आतड्याचं उत्तर जरा लांबचं आहे.

गोरिलाचं सुटलेलं पोट पाहून आपण त्याला लठ्ठ म्हणतो, ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. ते पोट चरबीचं नसून पाल्यानं भरलेल्या अवाढव्य मोठ्या आतड्याचं असतं. पानं, साल आणि देठ यांत सेल्युलोज आणि तत्सम तंतू असतात, ज्याला आपण घरात चोथा म्हणतो. हा चोथा तोडायची विकरं गोरिलाच्या शरीरात तयार होत नाहीत. आपल्याही होत नाहीत, कुठल्याच सस्तन प्राण्याच्या होत नाहीत. ते काम करतात आतड्यातले जिवाणू. ते चोथा आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोट्या साखळीची मेदाम्लं बाहेर पडतात. आतड्याच्या भिंतीतून ती रक्तात जातात आणि शरीर ती इंधन म्हणून जाळतं.

हे इंधन किती? मध्य आफ्रिकेतल्या सखल प्रदेशातल्या गोरिलांच्या आहाराचा अभ्यास करून १९९७ साली काही संशोधकांनी हिशेब मांडला. गोरिलाला मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ५७ टक्के ऊर्जा या मेदाम्लांतून, म्हणजे जिवाणूंच्या हातून येते, असं त्यातून निघालं. थेट खाल्लेल्या स्निग्ध पदार्थांतून जेमतेम अडीच टक्के. माणसात जिवाणूंचा हा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आत असतो. एवढा मोठा प्राणी जगतो तो जिवाणूंच्या स्वयंपाकावर.

आता त्याच प्राण्याला बिस्किट द्या. त्यातला स्टार्च आणि साखर लहान आतड्यातच पचून रक्तात उतरते, तीही झपाट्यानं. साखर चढते, तिच्यामागे इन्सुलिन चढतं, जास्तीचं चरबी होऊन साठतं. खाली मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू चोथ्याची वाट बघत बसलेले, त्यांच्या वाट्याला येतं नाममात्र. म्हणून कागदावरच्या कॅलरी आणि अंगी लागलेल्या कॅलरी यांत फरक पडतो. पाल्यातल्या बऱ्याच कॅलरी जिवाणूंच्या हातून जातात, त्यातला काही भाग तेच खातात, काही वायू होऊन निघून जातो, काही विष्ठेबरोबर पडतो. जे उरतं ते हळूहळू, दिवसभर, थोडं थोडं रक्तात येतं. प्रयोगशाळेत असंही दिसलं आहे की ही मेदाम्लं आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींना चेतवतात आणि त्या पेशी ‘पोट भरलं’ असा निरोप देणारी संप्रेरकं सोडतात. वजन कमी करायच्या ज्या इंजेक्शनांचा सध्या बोलबाला आहे, ती यांतल्याच एका संप्रेरकाची, जीएलपी-१ ची, नक्कल करतात.

पिंजऱ्यात आल्यावर या जिवाणूंचं होतं काय, हे सर्वांत स्पष्ट दाखवलं ते मिनेसोटा विद्यापीठातल्या डॅन नाइट्स आणि जोनाथन क्लेटन यांच्या गटानं, २०१६ साली. त्यांनी निवडलेलं वानर फार देखणं आहे. व्हिएतनाममधलं लाल पायांचं डूक. अंग करडं, गुडघ्याखाली पाय तांबडे, मनगटापासून कोपरापर्यंत पांढरं, तोंड फिकट केशरी, त्याला पांढरी दाढी. कुणी हौसेनं कपडे चढवल्यासारखं दिसतं. हे वानर जवळजवळ पाल्यावरच जगतं.

या गटानं चार ठिकाणची विष्ठा गोळा केली. दानांग शहराजवळच्या सोन त्रा अभयारण्यातल्या रानटी डूकांची, व्हिएतनाममधल्याच एका संगोपन केंद्रातल्या अर्धबंदिस्त डूकांची, आणि सिंगापूर व फिलाडेल्फिया इथल्या प्राणिसंग्रहालयांतल्या डूकांची. विष्ठेच्या नमुन्यातून सगळा डीएनए वेगळा काढायचा आणि त्यातल्या एका ठरावीक जनुकाची अक्षरं वाचायची. हे जनुक सगळ्या जिवाणूंत असतं, पण प्रत्येक जातीत थोडं वेगळं असतं, म्हणून ते वाचलं की कोण कोण हजर आहे याची हजेरी लागते. या पद्धतीत एक फुकटचा लाभही झाला. पानांतल्या हरितलवकांत तेच जनुक असतं. त्यामुळे वानरानं किती पाला खाल्ला, तेही त्याच नमुन्यातून कळलं.

निकाल असा लागला. रानातल्या डूकांत जिवाणूंची विविधता सर्वांत जास्त, संगोपन केंद्रातल्यांत मधली, प्राणिसंग्रहालयातल्यांत सर्वांत कमी. जे जिवाणू उरले त्यांत प्रिव्होटेला आणि बॅक्टेरॉइड्स या दोन प्रजातींचा जोर, म्हणजे आजच्या माणसाच्या आतड्यात ज्यांचा भरणा असतो नेमक्या त्याच. मध्य अमेरिकेतल्या हाउलर माकडांतही तेच दिसलं. सिंगापूर आणि फिलाडेल्फिया यांच्यात अर्धी पृथ्वी आहे, हवामान वेगळं, राखणदार वेगळे. तरी दोन्हीकडच्या डूकांची आतडी एकाच दिशेला गेली होती, माणसाच्या दिशेला. हरितलवकांचे अंशही त्याच उतरंडीनं घटत गेलेले. संशोधकांनी बोट ठेवलं ते चोथ्याच्या कमतरतेवर.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल, झालं, कोडं सुटलं. जिवाणू बदलले म्हणून माकडं लठ्ठ झाली. बातम्यांचे मथळेही असेच येतात. पण जरा थांबायला हवं, कारण डूक हे वानर पिंजऱ्यात सहसा लठ्ठ होत नाही. त्याला जुलाब लागतात, पोट फुगतं, ते रोडावतं. गोरिला मात्र सुटतो. रानातले जिवाणू दोघांचेही गेले, दुखणं निराळंच झालं. याचा अर्थ जिवाणूंची यादी पाहून लठ्ठपणा वाचता येत नाही. शरीराची घडण कशी आहे, चोथा आंबवायची जागा आधी आहे की नंतर, यावर बरंच अवलंबून असतं. डूकाचा जठरच कप्प्याकप्प्यांचा असतो आणि आंबवणं तिथेच, पचनाच्या सुरुवातीलाच होतं. गोरिलाचं होतं शेवटाला.

मग ‘जिवाणूंमुळे लठ्ठपणा’ ही कल्पना आली कुठून? उंदरांवरून. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर होते. पोटात एकही जिवाणू नाही. २००४ साली त्यांना साध्या उंदरांचे जिवाणू दिले, तर दोन आठवड्यांत त्यांच्या अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीही आधीपेक्षा कमी खाऊन. २०१३ मध्ये याच गटानं अशा जुळ्या बहिणी शोधल्या ज्यांच्यातली एक लठ्ठ आणि एक सडपातळ होती. त्यांचे जिवाणू निर्जंतुक उंदरांत सोडले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांवर जास्त चरबी चढली.

मला या प्रयोगाचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच सांगायचा राहून जातो. दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे जिवाणूंची देवघेव आपोआप झाली. सडपातळ बाजूचे जिवाणू लठ्ठ बाजूच्या उंदरांत शिरले आणि त्यांची चरबी वाढायची थांबली. मात्र हे घडलं ते खाणं कमी स्निग्ध आणि भरपूर चोथ्याचं असताना. खाण्यात स्निग्धांश जास्त आणि फळं-भाज्या कमी केल्या, तेव्हा चांगल्या जिवाणूंना तिथे बस्तान बसवता आलं नाही. आधी अन्न, मग जिवाणू.

माणसांच्या बाबतीत सुरुवातीला एक सोपं सूत्र फार गाजलं होतं. फर्मिक्युट्स गटाचे जिवाणू वाढले आणि बॅक्टेरॉइडेट्स घटले की माणूस लठ्ठ, असं ते सूत्र. पुढे वेगवेगळ्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून तपासली तेव्हा हा संबंध फारच कच्चा निघाला. आजही मल तपासून ‘तुमचं हे प्रमाण बिघडलंय’ असं सांगणाऱ्या आणि त्यावर महागड्या पुड्या विकणाऱ्या जाहिराती दिसतात. त्यांना पैसे देण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

उंदीर आणि माणूस यांच्या मधला दुवा म्हणजे बंदिस्त माकडं. त्यांचा आहार वर्षानुवर्षं काटेकोर मोजता येतो, जे माणसांबाबत जमत नाही. आपण काय खाल्लं हे सांगताना सगळेच थोडं खोटं बोलतो. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात लांब शेपटीच्या मकाक जातीच्या ३८ मध्यमवयीन माद्यांचे दोन गट केले. एकाला पाश्चात्त्य धाटणीचं खाणं, त्यातले प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ मुख्यतः प्राणिज. दुसऱ्याला भूमध्य समुद्राकाठच्या धाटणीचं, मुख्यतः वनस्पतिज. प्रथिनं, स्निग्ध आणि कर्बोदकं यांचं प्रमाण दोन्हींत सारखंच ठेवलं होतं. ‘एवढंच खा’ असं बंधन कुणालाच नव्हतं. तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात पहिल्या गटानं जास्त खाल्लं, अंगावर चरबी चढवली, यकृतातही साठवली. दुसऱ्या गटानं हवं तेवढं समोर असूनही बेतानं खाल्लं. आतड्यातल्या जिवाणूंतही फरक पडला. पाश्चात्त्य गटात विविधता कमी, दुसऱ्या गटात लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू जास्त.

ओरेगनमधल्या संशोधन केंद्रातल्या जपानी मकाकांची गोष्ट तर आणखी चटका लावणारी आहे. गर्भार आणि अंगावर पाजणाऱ्या माद्यांना खूप स्निग्ध आहार दिला. त्यांची पिल्लं अंगावरचं सुटल्यावर कमी स्निग्ध, नेहमीच्या खाण्यावर आणली. तरी पिल्लांच्या आतड्यातले जिवाणू पूर्ण ताळ्यावर आले नाहीत, अर्धवटच सुधारले. विशेष म्हणजे आई लठ्ठ होती की नाही यानं फार फरक पडला नाही. ती काय खात होती यानं पडला. २०१४ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला.

आईकडून पिल्लाकडे जे जातं त्यात जिवाणूंचा वारसाही असतो, म्हणून प्रश्न एका पिढीचा राहत नाही. स्टॅनफर्डच्या सोननबर्ग दांपत्यानं उंदरांच्या चार पिढ्या कमी चोथ्याच्या खाण्यावर वाढवल्या. पहिल्या पिढीत घटलेले बरेच जिवाणू चोथा पुन्हा सुरू केल्यावर परत वाढले. पुढच्या पिढ्यांत मात्र ते परत आलेच नाहीत. बियाणंच घरातून संपलं, तर नंतर पाऊस कितीही पडो, ते पीक उगवत नाही. प्राणिसंग्रहालयातले कित्येक गोरिला आणि वानर तिथेच जन्मलेले, त्यांचे आईबापही तिथेच जन्मलेले असतात. नुसता पाला वाढवून त्यांच्या पोटात रानातली सगळी मंडळी परततील, अशी आशा धरता येत नाही. क्लीव्हलँडमध्ये वजन उतरलं, याचा अर्थ तिथे रानटी जिवाणू परतले असा लावू नये. वजन आणि जिवाणू ही एकाच ताटातून निघालेली दोन फळं आहेत. एक दुसऱ्याला थोडंफार ढकलत असेलही, पण मूळ ताटात आहे.

यात एक बाब नेहमी निसटते, ती ऋतूंची. कांगोतल्या रानातल्या गोरिला आणि चिंपांझींच्या जिवाणूंचा अभ्यास झाला, तेव्हा फळांच्या दिवसांत एक मंडळी आणि पाल्या-सालीच्या दिवसांत दुसरी मंडळी आतड्यात जोर धरते असं दिसलं. मेक्सिकोत पालेंकेच्या रानातल्या काळ्या हाउलर माकडांवर कॅथरीन अमॅटो यांनी काम केलं. कमी ऊर्जेच्या खाण्याच्या दिवसांत तिथल्या माकडांचे जिवाणू जास्त मेदाम्लं तयार करून कसर भरून काढताना दिसले. पिंजऱ्यात बारा महिने एकच ताट असतं, कायमचा सुगीचा महिना. अंगावर चढलेलं उतरवायला एकही कडकीचा काळ येत नाही. अमॅटो यांनाच असंही आढळलं की तुटक्या, उजाड होत चाललेल्या रानातल्या हाउलरांच्या जिवाणूंची विविधताही घटते, फक्त बंदिस्त माकडांइतकी नाही.

नाइट्स यांच्या गटानं पुढे माणसांकडे मोर्चा वळवला. थायलंडमधले ह्मोंग आणि कारेन लोक मोठ्या संख्येनं मिनेसोटात स्थायिक झाले आहेत. २०१८ मध्ये या गटानं दाखवलं की अमेरिकेत आल्यावर काही महिन्यांतच त्यांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू घटू लागतात, चोथा पचवायची क्षमता कमी होते, आणि राहण्याची वर्षं वाढतील तसा हा बदल वाढत जातो. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांत तो आणखी ठळक. लठ्ठ व्यक्तींत विविधता सर्वांत कमी. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात बसून हे वाचणाऱ्या मराठी माणसाला आपल्या डब्यातून भाकरी कधी गेली ते आठवेल. मात्र तो अभ्यास ह्मोंग आणि कारेन लोकांचा आहे. तो जसाच्या तसा आपल्यावर चिकटवू नये.

प्राणिसंग्रहालयांत आता बदल होतोय. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या पेंटन प्राणिसंग्रहालयानं २०१४ च्या सुमारास माकडांची केळी बंद केल्याची बातमी जगभर गाजली होती. लोकांना ते क्रूर वाटलं. कारण साधं होतं. बाजारातली फळं माणसाच्या जिभेसाठी पिढ्यानपिढ्या गोड केलेली आहेत. रानफळांच्या मानानं त्यांत साखर जास्त आणि चोथा कमी. तिथल्या आहारतज्ज्ञांच्या मते माकडाला असं फळ देणं म्हणजे केक आणि चॉकलेट देण्यासारखंच.

हा भाग आपल्याला अगदी जवळचा आहे. आपल्याकडचं काळ्या तोंडाचं वानर, म्हणजे हनुमान लंगूर, त्या व्हिएतनामी डूकाच्याच कुळातलं. त्याचंही जठर कप्प्यांचं, त्याचंही आंबवणं पुढच्या कप्प्यात. लाल तोंडाच्या माकडाचं तसं नसतं. ते मिळेल ते खातं आणि सुटतं. माथेरान-महाबळेश्वरच्या वाटांवर वेफर्स आणि शीतपेयांवर पोसलेली माकडं सगळ्यांनी पाहिली आहेत. वानराला मात्र गोड केळी आणि बिस्किटांचा वेगळा त्रास होऊ शकतो. साखर पहिल्याच कप्प्यात झपाट्यानं आंबते, आम्ल वाढतं, चोथा तोडणारे जिवाणू त्या आम्लात टिकत नाहीत, आणि वायूनं पोट फुगतं. गुराला अचानक भरपूर धान्य खाऊ घातलं की काय होतं ते शेतकऱ्याला ठाऊक असतं.

पाल्याची सोय करणं हेच राखणदारांचं सर्वांत कटकटीचं काम. थंड देशांत उन्हाळ्यात फांद्या तोडून त्या गोठवून किंवा मुरवून ठेवाव्या लागतात, नाहीतर हिवाळ्यात काय द्यायचं? आपल्याकडे ती अडचण नाही. वानरं ज्यांची पानं आणि फळं आवडीनं खातात ते वड, पिंपळ आणि उंबर गावोगाव उभे आहेत. फक्त रोज सकाळी फांद्या आणायला माणूस आणि गाडी लागते, आणि बिस्किटांच्या पोत्याला तेवढं लागत नाही.